वाचकांचे प्रश्न : पहिला बोर्ड आणि घरी केलेली अवजारे

या महिन्यात सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे एका चिपमध्ये मावलेल्या छोट्या कॉम्प्युटरचे, प्रोग्रॅमिंग घरच्या घरी कसे सुरू करावे, आणि त्यासाठी लागणाऱ्या साधनांपैकी कोणती विकत घ्यावीत आणि कोणती स्वतः करावीत, असा त्यांचा एकूण सूर आहे. त्यांतील पाच पत्रे आटोपशीर करून उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : मी निपाणीला राहतो आणि पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, विज्ञान शाखेत शिकतो. इंजिनिअरिंगला असलेला माझा मामेभाऊ सांगतो की ८०५१ या मायक्रोकंट्रोलरपासून सुरुवात कर, कारण कॉलेजात तोच शिकवतात. मित्र म्हणतात की थेट ईएसपी३२ घे. घरी विंडोज ७ चा जुना लॅपटॉप आहे. नेमके काय घ्यावे आणि कुठून सुरुवात करावी?

उत्तर : मामेभावाचा सल्ला चुकीचा नाही, पण तो परीक्षेच्या दृष्टीने दिलेला आहे. इंटेलने १९८० मध्ये आणलेली ८०५१ ही रचना अजून अभ्यासक्रमांत टिकून आहे, कारण मायक्रोकंट्रोलर आतून कसा चालतो हे तिच्यात स्वच्छ दिसते. मात्र घरी एकट्याने शिकणाऱ्याला ती सुरुवातीलाच अडवते. मूळ ८०५१ मध्ये अ‍ॅनालॉग ते डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग, नसल्यामुळे साधे व्होल्टेज किंवा तापमान मोजायचे म्हटले तरी एडीसी०८०४ सारखी वेगळी आयसी जोडावी लागते. तिच्या पिनेतून बाहेर पडणारा करंट इतका थोडा असतो की एलईडीसुद्धा पाच व्होल्टकडून पिनेकडे, म्हणजे उलट्या बाजूने लावावा लागतो. आणि चिपमध्ये प्रोग्रॅम भरण्यासाठी बहुधा वेगळे उपकरण लागते. ईएसपी३२ चे याच्या अगदी उलट आहे. त्यात वायफाय, ब्लूटूथ आणि भरपूर मेमरी आहे, पण ती चिप ३.३ व्होल्टवर चालते, त्यामुळे पाच व्होल्ट देणारा सेन्सर तिला थेट जोडला तर पिन खराब होऊ शकते. शिवाय तिच्या काही पिना सुरू होण्याच्या क्षणी वेगळ्याच कामासाठी वापरल्या जातात, त्यामुळे त्या पिनांना काही जोडले की बोर्ड सुरूच होत नाही आणि चूक प्रोग्रॅममध्ये आहे की जोडणीत हे नवख्याला कळत नाही. हा बोर्ड दुसरा म्हणून उत्तम आहे.

पहिला बोर्ड म्हणून तू अर्डुइनो युनो घ्यावास असे मला वाटते. इटलीतील इव्रेआ या गावात २००५ च्या सुमारास, इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून हा प्रकल्प सुरू झाला आणि त्याचा तो स्वभाव अजून कायम आहे. युनोवरील एटीमेगा३२८पी ही आठ बिटांची चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते. तिच्यात प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट आणि चालू हिशेबासाठी जेमतेम २ किलोबाइट जागा असते. हे आकडे मित्रांना हास्यास्पद वाटतील. पण इतक्या थोड्या जागेत काम बसवताना प्रत्येक ओळ काय करते याचा विचार करावा लागतो, आणि सुरुवातीला तीच सवय हवी असते.

बोर्ड घेताना एक गोष्ट पाहून घे. काही युनो बोर्डांवर २८ पिनांची लांबट चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते, तर काहींवर छोटी चौकोनी चिप थेट सोल्डर केलेली असते. सॉकेटवाला बोर्ड माग. जोडणी चुकून चिप जळाली तर केवळ चिप बदलता येते, आणि पुढे तीच चिप उचलून स्वतः केलेल्या बोर्डावर लावता येते. मूळ इटालियन बोर्ड महाग पडतो. काही शे रुपयांत मिळणारा क्लोन, म्हणजे त्याची नक्कल, शिकण्यासाठी पुरेसा आहे. क्लोनवर बहुधा सीएच३४० ही यूएसबीची आयसी असते, तिचा ड्रायव्हर लॅपटॉपवर वेगळा टाकावा लागतो. लॅपटॉपला बोर्ड ओळखता येत नसेल तर ड्रायव्हरच्या आधी केबल तपास. मोबाईलबरोबर मिळणाऱ्या कित्येक केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. युनोच्या मूळ आकारासाठी लागणारी चौकोनी तोंडाची केबल म्हणजे प्रिंटरचीच केबल, ती कोणाकडे तरी पडून असते. तुझ्या विंडोज ७ वर अर्डुइनोचे नवे, म्हणजे २ क्रमांकाचे सॉफ्टवेअर चालणार नाही, १.८ मालिकेतील जुनी आवृत्ती घे, ती तुझ्या कामाला तितकीच चांगली आहे.

बोर्डाबरोबर ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करण्याची पट्टी), जम्पर वायर, काही एलईडी, ३३० ओहमचे रेझिस्टर, दोनतीन पुश बटणे, एक एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर एवढेच घ्यावे. ‘सदतीस सेन्सरचे किट’ घेऊ नकोस. त्यांतील तीस सेन्सर पेटीतच राहतात आणि उरलेल्या सातांचीही नीट ओळख होत नाही. त्या पैशात मल्टिमीटर जरा बरा येईल. निपाणीत न मिळालेला सुटा भाग कोल्हापुरात किंवा बेळगावात मिळतो. दुर्मीळ आयसीसाठी मात्र मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बेंगळुरूचा एसपी रोड गाठावा लागतो, नाहीतर ऑनलाइन मागवावी लागते.

सुरुवात एलईडीच्या उघडझापीने होते, ती सर्वच करतात. तिथे थांबू नकोस. डिले ही थांबण्याची आज्ञा वापरून एक एलईडी दर सेकंदाला उघडझाप करायला लाव, आणि मग त्याच वेळी बटण दाबताच दुसरा एलईडी लगेच पेटला पाहिजे अशी अट घाल. डिलेच्या काळात चिप दुसरे काहीच करत नाही हे तेव्हा कळते आणि मिलिस हे घड्याळ वापरून ‘वेळ झाली का?’ असे विचारत राहण्याची पद्धत आपोआप शिकली जाते. छंदातले बहुतेक उपयोगी प्रोग्रॅम याच पद्धतीवर उभे असतात. दुसऱ्याचा प्रोग्रॅम उतरवून घेतलास तरी तो चालवण्यापूर्वी एखादा आकडा बदल आणि काय होईल ते आधी वहीत लिही. लिहिलेले आणि घडलेले जुळले नाही, तर त्या दिवशी काहीतरी शिकायला मिळाले.

करंटची मर्यादा मात्र पाठच करावी. या चिपच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंत करंट घ्यावा. ४० ही सहनशक्तीची शेवटची सीमा आहे, वापरण्याची नव्हे. पाच व्होल्टमधून लाल एलईडीचे दोन व्होल्ट वजा केले की तीन उरतात, आणि ३३० ओहममधून ९ मिलिअँपिअर जातात, म्हणून तो रेझिस्टर सुरक्षित. छोटी मोटर किंवा रिले (कॉइलने चालणारा स्विच) पिनेला थेट लावायची नाही. मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलला उलटा १एन४००७ डायोड हवाच.

प्रश्न : खानापूर तालुक्यात माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. सोल्डरिंग, ट्रान्झिस्टर, पॉवर सप्लाय हे सर्व हातातले आहे, पण कॉम्प्युटरचा संबंध आला नाही. मुलाचा लॅपटॉप घरी आहे. पन्नाशी उलटल्यावर प्रोग्रॅमिंग जमेल का? आणि दुकानात लागणारी मोजमापाची साधने, विशेषतः ऑसिलोस्कोप, मायक्रोकंट्रोलर वापरून स्वतः करता येतील का?

उत्तर : आपल्याला ते कॉलेजच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर जमेल, असे मी खात्रीने म्हणेन. नवखे लोक ज्या ठिकाणी अडतात ती ठिकाणे, म्हणजे ढिली जोडणी, ग्राउंड न जोडणे, सप्लायमधला रिपल (व्होल्टेजचा चढउतार) आणि तापलेला रेग्युलेटर, आपल्याला नजरेनेच ओळखता येतात. प्रोग्रॅमची भाषा हा उरलेला भाग आहे, आणि मोजमापाच्या साधनासाठी ती फारशी लागत नाही. पिन वर करा, थांबा, आकडा वाचा, भागाकार करा, दाखवा, एवढ्यातच पुष्कळ काम होते.

पहिले साधन म्हणून कपॅसिटर, म्हणजे कंडेन्सर, मोजण्याचा मीटर करावा. जुन्या सेटमधले वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर शोधणे हे आपले रोजचेच काम असेल. यात चिपची एक पिन १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून कपॅसिटर भरते, आणि अ‍ॅनालॉग पिन त्यावरचे व्होल्टेज वाचत राहते. पाच व्होल्टसाठी ही चिप ० ते १०२३ असा आकडा देते. तो ६४७ झाला, म्हणजे भरती ६३.२ टक्क्यांवर आली, की लागलेला वेळ रेझिस्टर गुणिले कपॅसिटन्स एवढा असतो. त्यामुळे १०० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरला बरोबर एक सेकंद लागतो, आणि तेवढ्यावरून मीटर खरा आहे की नाही हे तपासता येते. मोठ्या कपॅसिटरसाठी रेझिस्टर १ किलोओहमचा करावा. दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. कपॅसिटन्स बरोबर दिसूनही आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढलेला असू शकतो, आणि स्विचिंग सप्लायमध्ये बिघाड बहुतेक वेळा त्यामुळेच होतो. हा मीटर ते पकडत नाही. दुसरी गोष्ट आपण जाणताच, तरी लिहितो : २३० व्होल्ट एसीचे शिखर सव्वातीनशे व्होल्टचे असल्याने स्विचिंग सप्लायच्या मुख्य कपॅसिटरवर बंद केल्यानंतरही तेवढे डीसी साठून राहू शकते, तो पुरता रिकामा केल्याशिवाय मीटरला लावल्यास चिप त्याच क्षणी जाईल.

दुसरे साधन सुटे भाग ओळखणारा टेस्टर. जर्मनीतील मार्कुस फ्रेयेक यांनी एव्हीआर (एटीमेगा ज्या कुळातली आहे त्या) चिपवर रचलेला हा टेस्टर पुढे कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी वाढवला, आणि त्याचे प्रोग्रॅम सर्वांना खुले आहेत. तीन टोकांना ६८० ओहम आणि ४७० किलोओहमचा प्रत्येकी एक रेझिस्टर असतो. चिप वेगवेगळ्या तऱ्हेने करंट सोडून पाहते आणि समोर लावलेला भाग एनपीएन ट्रान्झिस्टर आहे की मॉस्फेट आहे, त्याची कोणती पिन काय आहे, हे स्क्रीनवर लिहून देते. याचे तयार किट स्वस्त मिळते, पण आपण ते झीरो पीसीबीवर, म्हणजे भोके असलेल्या तयार बोर्डावर, स्वतः सोल्डर करावे. आपल्या अनुभवाच्या माणसाला हे बसल्या बैठकीत होण्यासारखे आहे.

तिसरे, बदलता सप्लाय. एलएम३१७ ही रेग्युलेटर आयसी, जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर, २४० ओहमचा रेझिस्टर आणि ५ किलोओहमचे पॉट (बदलता रेझिस्टर) यांतून सव्वा व्होल्टपासून सुमारे सोळा व्होल्टपर्यंत सप्लाय मिळतो. सूत्र सव्वा गुणिले (एक अधिक पॉट भागिले २४०) असे आहे. येथे उष्णतेचा हिशेब टाळता येत नाही. बाहेर पाच व्होल्ट आणि अर्धा अँपिअर घेतला, तर उरलेल्या चौदा व्होल्टची सात वॅट उष्णता आयसीतच जिरते, तेव्हा चांगला हीट सिंक लागतो. आणि ७८०५ चा धातूचा टॅब ग्राउंडला असतो, पण एलएम३१७ चा टॅब आउटपुटला असतो. हीट सिंक लोखंडी डब्याला टेकला की आउटपुट शॉर्ट, म्हणून अभ्रकाचा वॉशर घालायलाच हवा.

आता ऑसिलोस्कोपबद्दल, म्हणजे व्होल्टेजचा तरंग पडद्यावर दाखवणाऱ्या साधनाबद्दल. युनोवर ऑसिलोस्कोप करण्याचे पुष्कळ नमुने फिरतात, पण दुकानाच्या कामाला तो चालणार नाही. ही चिप नेहमीच्या मांडणीत सेकंदाला साधारण ९,६०० वेळाच व्होल्टेज वाचते. जुन्या पॅल टीव्हीची लाइन फ्रिक्वेन्सीच १५,६२५ हर्ट्झ आहे, आणि कोणताही तरंग ओळखीच्या आकारात दिसायला त्याच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीपेक्षा पुष्कळ जास्त वेळा वाचन लागते. पॉवर सप्लायमधला १०० हर्ट्झचा रिपल मात्र त्यावर दिसतो. शिकण्यासाठी म्हणून अवश्य करावा. दुकानासाठी पैसे साठवून तयार घ्यावा. मल्टिमीटरचेही तेच. मोजमापाचे एक साधन तरी असे लागते की ज्याच्यावरून घरी केलेली बाकीची साधने तपासता येतील.

ही साधने कायमची करायची तर प्रत्येकात युनो बोर्ड अडकवणे परवडणार नाही. त्यासाठी सुटी एटीमेगा चिप घ्यावी. तिच्यात प्रोग्रॅम भरायला प्रोग्रॅमर लागतो. पूर्वी कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टला चार रेझिस्टर लावून तो घरी करत; आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. यूएसबीअ‍ॅस्प नावाचा प्रोग्रॅमर स्वतः करता येतो, परंतु त्याच्या आतही एक एटीमेगा चिप असते आणि आधी तिच्यातच प्रोग्रॅम भरावा लागतो, म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडे असा प्रकार होतो. यातून युनोच वाट काढून देतो. अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये उदाहरणांत असलेला अर्डुइनोआयएसपी हा प्रोग्रॅम युनोत भरला की तो बोर्ड स्वतःच प्रोग्रॅमर होतो. त्याची १० क्रमांकाची पिन सुट्या एटीमेगा३२८पी च्या पहिल्या पिनेला, ११ ही सतराव्या, १२ ही अठराव्या आणि १३ ही एकोणिसाव्या पिनेला जोडावी. ७ आणि २० या पिनांना पाच व्होल्ट, ८ आणि २२ यांना ग्राउंड द्यावा. ९ आणि १० यांच्यामध्ये १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला ठेका देणारा भाग) आणि प्रत्येकीपासून ग्राउंडला २२ पिकोफॅरॅडचा कपॅसिटर लावावा. युनोत प्रोग्रॅम भरून झाल्यावर त्याच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, धन टोक रिसेटकडे करून, बसवावा. नाहीतर लॅपटॉपने संपर्क साधताच युनो स्वतः रिसेट होतो आणि पुढच्या चिपऐवजी स्वतःच उत्तर देऊ लागतो.

कोरी चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालण्याच्या मांडणीत येते. ही मांडणी फ्यूज बिटांत असते. त्यांचा वितळणाऱ्या फ्यूजशी काही संबंध नाही, त्या वीज गेल्यावरही चिपमध्ये टिकणाऱ्या नोंदी आहेत. अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधली बर्न बूटलोडर ही आज्ञा दिली की त्या आपोआप बरोबर बसतात, म्हणून सुरुवातीला हाताने बदलू नयेत. क्रिस्टल न जोडता बाहेरच्या क्रिस्टलची नोंद झाली तर चिप मेल्यासारखी गप्प होते. ती फेकू नये, क्रिस्टल लावताच ती पुन्हा बोलते. रिसेट पिन बंद करणारी नोंद मात्र कधीही छेडू नये, कारण त्यानंतर चिपला उठवण्यासाठी १२ व्होल्टचा वेगळा प्रोग्रॅमर लागतो.

जाता जाता एक स्थानिक सूचना. खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या पावसाळ्यात ब्रेडबोर्डचे संपर्क आणि आयसीच्या पिना काळ्या पडतात, आणि जूनमध्ये चाललेली जोडणी ऑगस्टमध्ये उगाच रुसते. सुटे भाग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, आणि कायमचे साधन लगेच सोल्डर करून टाकावे.

प्रश्न : वडगावात आमचे काही यंत्रमाग आहेत. दिवसभरात किती पिके (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) पडली आणि किती कापड झाले याचा हिशेब ठेवणारा काउंटर मी युनोवर केला आहे. मागाच्या चाकाला चुंबक आणि समोर, चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर लावला आहे. पण कधी आकडा अचानक उणे होतो, कधी वीज गेल्यावर पुसला जातो, आणि कधी पिके जास्त मोजली जातात.

उत्तर : आपण तीन दोष सांगितले आहेत आणि तिघांची कारणे वेगळी आहेत. उणे आकडा येतो तो प्रोग्रॅममध्ये आकडा साठवण्याच्या इंट या प्रकारामुळे. युनोवर इंटमध्ये ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो, त्यापुढे तो उणेकडे उलटतो. मिनिटाला दीडशे पिके धरली तर आठ तासांत ७२,००० होतात, म्हणजे दुपार होण्याच्या आतच तो भरतो. अनसाइन्ड लाँग हा प्रकार वापरावा. त्यात ४२९ कोटींपर्यंत जागा आहे. इंचाला पन्नास पिके असतील तर ७२,००० पिकांचे कापड चाळीस वार होते. हा भागाकार प्रोग्रॅममध्येच करून स्क्रीनवर वारांत दाखवला तर हिशेब करणाऱ्यालाही सोपे जाईल.

वीज गेल्यावर आकडा टिकण्यासाठी कोणीही प्रत्येक पिकाला ईईप्रॉममध्ये (चिपमधल्या, वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) नोंद करण्याचा सल्ला देईल, तो ऐकू नका. एटीमेगाच्या ईईप्रॉमच्या एका जागेवर एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. मिनिटाला दीडशे या वेगाने ती अकरा तासांत संपते. त्यापेक्षा बोर्डाच्या पाच व्होल्टच्या वाटेत एक डायोड आणि त्यापुढे १,००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावावा, आणि डायोडच्या अलीकडचे व्होल्टेज एका पिनेने पाहत राहावे. ते घसरताच स्क्रीनचा उजेड बंद करून आकडा लिहून टाकावा. एक बाइट लिहायला साधारण साडेतीन मिलिसेकंद लागतात, चार बाइटांना चौदा. कपॅसिटर तेवढा वेळ आरामात काढून देतो.

जास्तीच्या मोजणीची दोन कारणे संभवतात. पहिले, मोटरच्या स्टार्टरमुळे सेन्सरच्या वायरीत शिरणारा गोंगाट. पिकांमधले अंतर ४०० मिलिसेकंद असताना १०० मिलिसेकंदांच्या आत आलेली दुसरी खूण प्रोग्रॅममध्ये सरळ सोडून द्यावी, सेन्सरची वायर मोटरच्या वायरीपासून दूर न्यावी आणि मध्ये पीसी८१७ हा ऑप्टोकपलर (तारेऐवजी उजेडाने खूण पुढे देणारी आयसी) लावावा. दुसरे कारण यंत्रात नाही, कामात आहे. चुकीचे पीक काढण्यासाठी कारागीर माग हाताने उलटा फिरवतो तेव्हाही चुंबक सेन्सरसमोरून जातो आणि काउंटर पुढेच मोजतो. थोड्या अंतरावर दुसरा हॉल सेन्सर लावून आधी कोणता वाजला ते पाहिले की दिशा कळते, आणि उलट्या फेऱ्या वजा करता येतात. चुंबक क्रँक शाफ्टवरच हवा, कारण तिथे एका फेऱ्याला एक पीक असते. खालच्या शाफ्टवर लावला तर साध्या विणीत एका फेऱ्याला दोन पिके पडतात.

प्रश्न : चिकोडी तालुक्यात आमची उसाची शेती आहे. थ्री फेज वीज ठरावीक तासच, कधी मध्यरात्री येते. मायक्रोकंट्रोलर वापरून पंपाचा स्वयंचलित स्टार्टर मी घरी बनवू शकतो का?

उत्तर : स्टार्टर बनवू नका. थ्री फेजमध्ये दोन तारांमधला दाब चारशे व्होल्टच्या पुढे असतो, आणि एक फेज गेल्यावर मोटर न जळता थांबली पाहिजे ही जबाबदारी ब्रेडबोर्डवर टाकण्यासारखी नाही. ओव्हरलोड रिले, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि ऑटो स्विच हे तयार, खात्रीचेच घ्यावेत आणि परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावेत. आपल्या हौसेला टाकीकडचे काम आहे. टाकीत पाणी किती आहे हे पाहून दिवा लावणे किंवा भोंगा वाजवणे हे पाच-बारा व्होल्टचे काम असल्याने सुरक्षित आहे. त्यासाठी स्टीलच्या सळ्या वापरणार असाल तर त्यांना सतत डीसी देऊ नका, त्या इलेक्ट्रोलिसिसने काही आठवड्यांत खंगतात. दर मिनिटाला क्षणभर वीज देऊन वाचन घ्यावे आणि पुन्हा बंद करावी. शेतातून घरापर्यंत लांब वायर ओढलीत तर वळवाच्या पावसात, विजा चमकताना, ती बोर्डापासून काढून ठेवावी.

प्रश्न : बेळगावात टिळकवाडीला आम्ही राहतो. माझा डिप्लोमाला असलेला मुलगा न्हाणीघरात फेरिक क्लोराइड घेऊन पीसीबी (तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला सर्किटचा बोर्ड) बनवतो. फरशीला पिवळे डाग पडले आहेत, स्टीलचे एक भांडे काळवंडले, आणि उरलेले पाणी तो मोरीत ओततो. हे चालते का?

उत्तर : ताई, पीसीबी बनवायला हरकत नाही, हे तिन्ही प्रकार मात्र आजच बंद व्हायला हवेत. फेरिक क्लोराइड तांब्याप्रमाणेच लोखंड, स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमही खाते, म्हणून त्याला प्लास्टिकचा वेगळा ट्रे द्यावा, त्यावर ठळक खूण करावी, आणि तो ट्रे किंवा ते काळवंडलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात येऊ देऊ नये. काम गच्चीवर किंवा अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून करावे. वापरलेल्या द्रावणात तांबे विरघळलेले असते, ते मोरीतून गटारात आणि पुढे विहिरीच्या पाण्यात जाता कामा नये. त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत जावा. फेस येणे थांबले की गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी वेगळे करावे आणि वाळलेला गाळ बंद पिशवीत घालून घातक कचऱ्यात द्यावा.

आणि त्याला एक विचारून पाहा : प्रत्येक वेळी पीसीबी कोरावीच लागते का? पंधरावीस भागांचे सर्किट झीरो पीसीबीवर वायरी टाकून होते, आणि चूक दुरुस्त करणेही तिथे सोपे असते. नेहमीच्या ६०-४० सोल्डरमध्ये शिसे असते, तेव्हा सोल्डरिंगनंतर साबणाने हात धुणे, त्या टेबलावर काही न खाणे आणि खिडकी उघडी ठेवणे, एवढे नियम त्या टेबलाच्या वर भिंतीवर लिहून लावावेत.